बस कंपनीचा इतिहास परवान्यात शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकेका घराण्याने चालवलेल्या जुन्या खासगी बस कंपन्यांवर वर्तमानपत्रांतून अधूनमधून लेख येतात. शहर आणि त्याच्या कडेची गावे, वसाहती, कारखाने यांच्यामध्ये धावणाऱ्या या उपनगरी गाड्यांनी दोन-तीन पिढ्यांची ने-आण केली, तेव्हा हे लेख यायलाच हवेत. पण बहुतेक लेखांचा साचा एकच असतो: घरातले दागिने गहाण ठेवून पहिली गाडी घेतली, मूळ पुरुषाने ती स्वतः चालवली, कंपनी वाढली, मग सरकारीकरण आले आणि सारे संपले. यात खोटे काही नसेलही. पण कंपनी तीस-चाळीस वर्षे तग धरून कशी राहिली, शेजारची तशीच कंपनी पाच वर्षांत का मोडली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर परवाना, वेळापत्रक, वेबिल (वाहकाने भरलेले तिकीटविक्रीचे हिशेबपत्रक) आणि वर्कशॉपच्या वहीत असते. घरातली मंडळी माळा साफ करताना पहिल्यांदा हेच कागद रद्दीत घालतात, म्हणून हे पत्र.

परवान्यापासून सुरुवात करायची, कारण बस विकत घेता येत होती, मार्ग विकत घेता येत नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याआधी मोटारचालकाला लायसन आणि गाडीला नोंदणी पुरे व्हायची. कोणत्या रस्त्यावर किती गाड्या, याला ठाम धरबंध नव्हता. जी गाडी आधी भरेल ती आधी सुटायची, मागची तिला गाठायला धावायची, आणि दोघींचे भाडे पाडापाडीत बुडायचे. १९३९ च्या कायद्याच्या कलम ४२ ने परवाना सक्तीचा केला. टप्पा वाहतुकीचा, म्हणजे ठरलेल्या मार्गावर टप्प्याटप्प्याने प्रवासी चढवत-उतरवत नेण्याचा परवाना प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देई, मुदत कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे. मार्ग, फेऱ्या, कधीकधी वेळाही त्यातच बांधलेल्या. त्या दिवसापासून कंपनीची खरी मालमत्ता गॅरेजमधली गाडी राहिली नाही. परवाना हीच मालमत्ता झाली.

म्हणून कोणत्याही कंपनीचा अभ्यास करताना पाटीवर रंगवलेले नाव बाजूला ठेवून परवाने कोणाच्या नावावर होते ते आधी पाहावे. बसवर एकच नाव, तिकिटावर तेच नाव, पण परवाने तीन भावांच्या आणि एका मेहुण्याच्या नावावर वेगवेगळे, असे चित्र सर्रास दिसते. म्हणजे ती कागदावर एक कंपनी नव्हतीच. एका गॅरेजमधून, एका वेळापत्रकाने चालणाऱ्या चार स्वतंत्र मालकांची ती मांडवली होती. अशा घरात वाटणी झाली की कंपनी का फुटते हे मग वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्येक जण आपला परवाना घेऊन निघतो, आणि सकाळी सहा चाळीसची व सातची गाडी, जी कालपर्यंत एकमेकींना सांभाळून सुटत होती, ती उद्यापासून एकमेकींचे प्रवासी उचलू लागते.

वारशाचेही तसेच. परवानाधारक वारला तर काय, याचे उत्तर १९३९ च्या कायद्यातल्या कलम ६१ मध्ये होते. गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने तीस दिवसांच्या आत प्राधिकरणाला कळवायचे, म्हणजे तीन महिने तोच परवाना आपला समजून गाडी चालवता येई, आणि त्याच तीन महिन्यांत परवाना नावावर करून घेण्याचा अर्ज करायचा. १९८८ च्या कायद्यात कलम ८२ मध्ये हीच तरतूद आहे. दुःखाच्या दिवसांत तीस दिवस कसे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. थोरल्या मुलाने अर्ज केला, धाकट्याने हरकत घेतली, सुनावणी लांबली, दरम्यान तीन महिने उलटले की गाडी उभी. एखाद्या कंपनीच्या फेऱ्या अचानक बंद पडलेल्या दिसल्या आणि कारण सापडत नसेल, तर त्या तारखेच्या आधीच्या चार-सहा महिन्यांत घरात कोणी गेले होते का, हे विचारावे. निम्म्या वेळा तिथेच उत्तर मिळते.

आता सरकारीकरणाबद्दल. यात लेखकांकडून सर्वांत जास्त घोळ होतो, कारण सगळ्या देशातले सरकारीकरण एकाच दिवशी झाले अशा सुरात लिहिले जाते. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या रस्ते वाहतूक खात्याने १९३२ सालीच २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती. आजचा मराठवाडा त्याच राज्यात होता. मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. दिल्लीत १९४८ मध्येच ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट या कंपनीकडची वाहतूक सरकारने हाती घेतली. तमिळ मुलखात मात्र टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांच्या घराण्याने १९१२ पासून बस चालवली, आणि ती थेट १९७२ मध्ये सरकारी पांडियन महामंडळात गेली. म्हणजे एका प्रांतातल्या कुटुंबाला दुसऱ्या प्रांतातल्या कुटुंबापेक्षा चोवीस वर्षे जास्त मिळाली. या चोवीस वर्षांत पेट्रोलच्या गाड्या जाऊन डिझेलच्या आल्या, धंद्याचे सारे गणित बदलले. कोकणाच्या खाली मंगळूर-उडुपी पट्ट्यात आणि केरळात तर खासगी बस आजही मुख्य वाहतूक आहे. ‘सरकारीकरणाने संपली’ हे वाक्य लिहिण्याआधी कोणत्या प्रांतात, कोणत्या कायद्याने, कोणत्या साली, हे लिहायलाच हवे.

नुकसानभरपाईचा मुद्दा तर लेखांतून जवळजवळ गायब असतो. १९५६ च्या दुरुस्तीने कायद्यात प्रकरण चार-अ आले. त्यानुसार मार्ग ताब्यात घेण्याची योजना राजपत्रात छापायची, तीस दिवसांत हरकती मागवायच्या, मग सुनावणी घ्यायची. परवाना रद्द झाला तर भरपाई कशी, तेही कलम ६८-जी मध्ये आकड्यांत लिहिलेले होते. परवान्याच्या उरलेल्या मुदतीच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला २०० रुपये. पंधरा दिवसांहून जास्त भरणारा तुकडा पूर्ण महिना धरायचा, पंधरा दिवस किंवा कमी असेल तर १०० रुपये. एकूण रक्कम ४०० रुपयांहून कमी नको. पर्यायी मार्ग देऊ केला आणि धारकाने तो स्वीकारला तर भरपाई नाही. हिशेब करून पाहा. परवान्याचे १४ महिने उरले असतील तर २,८०० रुपये. असे बारा परवाने असलेल्या कंपनीला ३३,६०० रुपये. गाड्या मालकाच्याच अंगावर राहिल्या. गॅरेज, जोडलेले प्रवासी, वर्षानुवर्षे बसवलेले वेळापत्रक यांची किंमत शून्य. ज्याचा परवाना योजना लागू होण्याच्या महिनाभर आधी नवा झाला होता आणि ज्याचा संपत आला होता, त्या दोन शेजाऱ्यांच्या नशिबात एवढा फरक का पडला, ते या एका कलमातून कळते. मुंबई राज्यात एसटीचा विस्तार हे प्रकरण कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, हेही ध्यानात ठेवावे. तिथल्या १९४८ ते १९५६ दरम्यान बंद पडलेल्या कंपनीला ही भरपाई मिळाली असे गृहीत धरून लिहू नये.

या योजनांवर जे खटले झाले त्यांचे निकाल म्हणजे इतिहासाची खाण आहे. १९५८ च्या गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या एका योजनेला दिलेली मंजुरी रद्द केली, कारण हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. वकील ते निकाल या तत्त्वासाठी वाचतात. आम्ही ते वाचावेत ते पहिल्या काही परिच्छेदांसाठी: कोणाचा कोणता मार्ग, योजना कोणत्या तारखेला छापली, हरकत कोणी घेतली, सुनावणी कधी झाली. घरात एकही कागद उरला नसला तरी राजपत्र आणि न्यायालयाच्या दप्तरात या गोष्टी सापडतात.

उपनगरी कंपनीचे दुखणे लांब पल्ल्याच्या कंपनीहून वेगळे असते, आणि ते कळायला वेळापत्रक लागते. समजा मार्ग १८ किलोमीटरचा, एका बाजूची धाव ६० मिनिटांची, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटे थांबा. पूर्ण फेरी १४० मिनिटांची. दर वीस मिनिटांना बस द्यायची तर सात गाड्या, आणि एक राखीव धरून आठ. वस्ती वाढली, रस्त्यावर गर्दी झाली आणि धाव ६० वरून ७५ मिनिटांवर गेली. फेरी आता १७० मिनिटांची. तेच वीस मिनिटांचे अंतर राखायचे तर साडेआठ, म्हणजे नऊ गाड्या, राखीव धरून दहा. दोन गाड्या, चार-पाच जास्तीचे चालक-वाहक, त्यांचे डिझेल, आणि त्यापोटी जास्तीचा प्रवासी एकही नाही. मालकाने सातच गाड्या ठेवल्या तर दोन बसमधले अंतर चोवीस मिनिटांच्या वर जाते. मग प्रत्येक बसला थांब्यावर पूर्वीपेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त माणसे भेटतात, चढ-उतारीला वेळ जास्त लागतो, बस आणखी उशिरा पोहोचते. पुढची उशिरा धावणारी बस सगळी गर्दी उचलते, मागची रिकामी येऊन तिला चिकटते. दोन बस एकदम येतात आणि मग अर्धा तास काही नाही, ही जुनी तक्रार इथून जन्मते. तिचा दोष चालकाच्या आळसावर टाकणे अन्यायाचे आहे.

त्यातच उपनगरी प्रवासी सकाळी सगळा शहराकडे आणि संध्याकाळी सगळा घराकडे. सकाळची गर्दी अडीच तासांची धरली तर १७० मिनिटांची फेरी करणाऱ्या बसला भरलेली धाव एकच मिळते. परतीची जवळपास रिकामी. पन्नास आसनांची गाडी, तिचा हप्ता, तिचे टायर, हे सगळे दिवसातल्या दोन भरलेल्या धावांवर उभे असते. दुपारी काय करायचे, या प्रश्नाचे ज्या घराण्याने उत्तर शोधले ते टिकले. कोणी कारखान्याच्या दुसऱ्या पाळीचे काम धरले, कोणी शाळेचे, कोणी लग्नाच्या मोसमात कंत्राटी परवान्यावर गाड्या दिल्या. कंपनीच्या वहीत ‘नैमित्तिक करार’ किंवा तत्सम नावाचे खाते असेल तर ते आवर्जून पाहावे. तिकिटांच्या उत्पन्नाशी त्याचे प्रमाण दरवर्षी कसे बदलत गेले, तीच त्या कंपनीची खरी कुंडली.

मनुष्यबळाचा पेचही याच आकारातून येतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत बसवायला सांगितला. उपनगरी बसची पहिली धाव सकाळी साडेपाचला आणि शेवटची रात्री साडेनऊला. हा सोळा तासांचा दिवस. चालक-वाहकांच्या एकाच जोडीला सकाळी आणि संध्याकाळी बोलवावे तर बारा तासांत मावत नाही, दोन जोड्या लावाव्यात तर दुपारी दोघींना पगार देऊन बसवावे लागते. घरचीच माणसे चाकावर आणि तिकिटाच्या पिशवीवर होती तोवर हा खर्च दिसत नव्हता. मुले शिकून दुसऱ्या नोकरीला लागली आणि पगारी माणसे ठेवावी लागली तेव्हा तो पहिल्यांदा खातेवहीत उतरला. अनेक कंपन्यांचा नफा ‘अचानक’ आटला असे लेखांत म्हटलेले असते. ड्युटीचे तक्ते लागोपाठ वर्षांचे लावून पाहिले तर घरची आडनावे कमी होत जाताना दिसतात, आणि त्याच गतीने नफा उतरतो.

वेबिल कसे वाचायचे तेही सांगतो, कारण ही कागदाची चळत सर्वांत कंटाळवाणी दिसते आणि सर्वांत जास्त बोलते. प्रत्येक दराच्या तिकिटाचा सुरुवातीचा क्रमांक आणि अखेरचा क्रमांक त्यावर असतो. दोन्ही रकान्यांत ‘पुढे फाडायचे’ तिकीट लिहिण्याची रीत आहे. म्हणजे दोन आण्यांच्या गठ्ठ्याचा आरंभ ४१५ आणि अखेर ४७३ असेल तर ५८ तिकिटे गेली, ११६ आणे, म्हणजे ७ रुपये ४ आणे. काही वाहक अखेरच्या रकान्यात शेवटचे फाडलेले तिकीट लिहीत. तेव्हा प्रत्येक दरामागे एक तिकीट कमी मोजले जाते. हे ओळखायचे सोपे आहे: आजच्या अखेरचा आकडा आणि उद्याच्या आरंभाचा आकडा जुळला पाहिजे. एकाने फरक पडत असेल तर ती लिहिण्याची सवय आहे, पाच-दहाने पडत असेल तर मधले एखादे वेबिल हरवले आहे किंवा हिशेबात गडबड आहे. टप्प्याटप्प्याचे क्रमांक नोंदवलेले असतील तर त्याहून बरे. कोणत्या टप्प्यावर किती तिकिटे फाटली ते फेरीगणिक मांडले की कोणती वसाहत केव्हा भरू लागली हे जनगणनेची वाट न पाहता कळते.

सुट्या तिकिटांवर तारीख बहुधा नसते, पण पैसा तारीख सांगतो. दर आण्यांत असेल तर तिकीट छापले गेले १ एप्रिल १९५७ च्या आधी. ‘न. पै.’ असेल तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळाला आणि नुसते पैसे राहिले. दहा पैशांचा शिक्का जुन्या दीड आण्यावर मारलेला असेल तर मालकाने जुना साठा संपवला असे समजावे. असा शिक्का म्हणजे चूक नव्हे, तो काळ नेमका पकडणारा पुरावा आहे. दीड आण्याचे बरोबर पैसे होतात ९.३७५, म्हणजे ही रक्कम पूर्णांकात बसवताना कोणाच्या बाजूने वाढ-घट झाली तेही दिसते.

फोटोंबाबत एक सावधगिरी. गाडीच्या सांगाड्याचे (चेसिसचे) वय आणि बॉडीचे वय एक नसते. त्या काळी चेसिस विकत घ्यायची आणि बॉडी इथल्या सुताराकडून बांधून घ्यायची, सागवानी चौकट आणि वरून पत्रा. चिखल उडतो तिथे, म्हणजे चाकांमागच्या खांबांच्या बुडाशी लाकूड आधी कुजते. सांधे सैल होऊन गाडी कुरकुरू लागते, आणि मग त्याच चेसिसवर दुसरी, कधी तिसरी बॉडी चढते. त्यामुळे नव्या झळझळीत गाडीचा फोटो नव्या गाडीचा असेलच असे नाही. समोरच्या जाळीवर मर्सिडीझचा तीन टोकांचा तारा असलेली टाटाची गाडी असेल तर ती चेसिस १९५४ ते १९६९ मधली, कारण टाटा आणि मर्सिडीझ यांच्या सहकार्याची मुदत तेवढीच होती. क्रमांकाची पाटी एमएच-१२ अशा धाटणीची असेल तर तो क्रमांक १९८९ नंतरचा. गाडी मात्र त्याहून जुनी असू शकते.

एखादी गाडी अजून कुठे गंजत उभी असेल तर चेसिस क्रमांकाचा ठसा घ्यावा. तो बहुधा चौकटीच्या उजव्या दांड्यावर, पुढच्या चाकाजवळ ठोकलेला असतो. वंगणाचा थर रॉकेलच्या फडक्याने हलके पुसायचा, तारेचा ब्रश लावायचा नाही, कारण ठोकलेली अक्षरे उथळ असतात आणि गंजाबरोबर तीही निघून जातात. पातळ कागद चिकटपट्टीने ताणून धरायचा आणि मऊ पेन्सिलचे शिसे आडवे धरून एकाच दिशेने फिरवायचे. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गफलत होते, म्हणून दोन ठसे घ्यावेत. हा आकडा आरसी बुकातल्या आकड्याशी जुळला नाही तर घाईने निष्कर्ष काढू नये. इंजिन बदलणे नेहमीचे होते, पेट्रोलचे इंजिन काढून पर्किन्स कंपनीचे डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्या पुष्कळ होत्या, पण त्यात फक्त इंजिन क्रमांक बदलतो. चेसिस क्रमांकच वेगळा निघाला तर दोन गाड्यांची एक केलेली असण्याचा संभव असतो.

वर्कशॉपच्या साठावहीतून रस्ता आणि भार वाचता येतो. ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट लवकर संपत असतील तर थांबे वाढले आहेत. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतली मुख्य पाटी तिच्या टोकाच्या डोळ्याजवळ (वाटोळ्या भोकाजवळ) तुटत असेल तर गाडी भारापेक्षा जास्त भरली जात आहे. एकाच गाडीच्या नावावर सुटे भाग ‘आवक’ न होता ‘काढले’ असे दिसू लागले तर ती गाडी उभी करून बाकीच्यांना भाग पुरवले जात आहेत, आणि बहुधा तिथूनच कंपनीची उतरण सुरू झाली. घसाऱ्यासाठी पैसे बाजूला न ठेवता रोजच्या गल्ल्यातून घर आणि गाडी दोन्ही चालवणाऱ्या कंपनीत हे हमखास घडते.

दुसऱ्या महायुद्धातल्या कोळशाच्या गाड्यांबद्दल सगळे कौतुकाने लिहितात. तो काळ कष्टाचा होता. गाडीच्या मागच्या भट्टीत लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, निघालेला वायू थंड करून, गाळून इंजिनात घ्यायचा. त्यात जळणारा भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा, अर्ध्याहून जास्त निरुपयोगी नायट्रोजन, म्हणून इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटे आणि चढावर प्रवाशांना उतरावे लागे. एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण दीड किलो कोळसा. पहाटे पंखा फिरवून भट्टी पेटवायची, वायू धरेपर्यंत थांबायचे, गाळणी रोज झाडायची, नाहीतर राख आणि डांबर झडपांत जाऊन बसे. बंद गॅरेजमध्ये भट्टी पेटवणे जिवावर बेतणारे होते. कोणत्याही कंपनीच्या १९४२ ते १९४५ च्या वेळापत्रकात पहिली बस उशिरा आणि फेऱ्या कमी दिसल्या तर कारण हे आहे.

ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यानंतर मार्गांच्या प्रत्येक अर्जाची सूचना वाहतूक आयुक्तांकडून छापली जाऊ लागली. तिथल्या हौशी अभ्यासकांनी त्या सूचना वर्षानुवर्षे जुळवून लहानात लहान घरगुती कंपनीचा गाडीनिहाय इतिहास तयार केला. आपल्याकडे १९३९ च्या कायद्याच्या कलम ५७ खाली टप्पा वाहतुकीचे अर्ज हरकतींसाठी असेच जाहीर होत होते. कच्चा माल होता, तो जुळवायला कोणी बसले नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या डीकॅम्प घराण्याने १८७० मध्ये घोडागाडीने सुरू केलेली उपनगरी सेवा एप्रिल २०२३ पर्यंत न्यूयॉर्कला रोजचे प्रवासी नेत होती. ती बंद पडली कारण साथीनंतर कार्यालयाला जाणारा माणूस परतला नाही. तिथे ना सरकारीकरण, ना वाटणी. दोन भरलेल्या धावांपैकी एकही भरेना, एवढेच झाले. त्यामुळे इथल्या प्रत्येक कंपनीच्या शेवटाला सरकारच जबाबदार धरण्याची घाई नको.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की पुढच्या वेळी अशा कंपनीवर लेख छापताना घरच्या मंडळींना चार गोष्टी विचारून त्यांची उत्तरे लेखाशेजारी द्यावीत: परवाने कोणाच्या नावावर आणि कोणत्या मुदतीचे होते, एका मार्गाचे दोन वेगवेगळ्या वर्षांचे वेळापत्रक, गाड्यांची यादी नोंदणी क्रमांक, चेसिस आणि आसनसंख्येसह, आणि शेवटचा परवाना कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने संपला. ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांनी गठ्ठ्याचा क्रम मोडू नये, कारण वेबिलांवर तारीख पुसट झाली तरी मागच्या-पुढच्या कागदावरून ती लावता येते. टाचण्या काढाव्यात, त्यांचा गंज कागद खातो. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कसर लागलेला गठ्ठा बाकीच्यांपासून वेगळा ठेवावा आणि प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर वाहकांनी केलेले हिशेब आणि बिघाडाच्या नोंदी सापडतात. अलीकडच्या मशिनची तिकिटे आणि दिवसअखेरच्या पट्ट्या उष्णतेने छापलेल्या असतात. त्या काही वर्षांत कोऱ्या होतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि उन्हाच्या माळ्यावर तर त्याहून लवकर. १९४० चे वेबिल अजून वाचता येते आणि दहा वर्षांपूर्वीची पट्टी वाचता येत नाही अशी स्थिती आहे, म्हणून फोटो काढायला त्या पट्ट्यांपासून सुरुवात करावी.

आपले,
रस्ते वाहतुकीच्या जुन्या कागदपत्रांचे काही अभ्यासक